लाल ओढणीचं पाणी

आमच्या घरात फेकायची वस्तू एकच होती, जाळं. बाकी काही कोणी फेकलेलं मी पाहिलं नाही. मायचं लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत, आणि ते लुगडं आणखी दोन पावसाळे अंगावर चालायचं. मग त्यातून माझं पोलकं. पोलक्याच्या बाह्या दाटल्या की ते गोधडीत. गोधडीतून सुटलेली चिंधी चुलीवरचं भांडं उतरवायला, ती काळी झाली की भुई सारवायचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचाही जीव गेला की ते परसातल्या वांग्याच्या आळ्यात पुरून टाकायचं. माझी लेक रेणू पुण्याला कपड्यांच्या एका कंपनीत आहे. जुन्या साड्यांचे झगे शिवून विकतात, आणि प्रत्येक झग्याला एक चिठ्ठी लावतात की हा घेतल्यानं पृथ्वीचं कसं भलं झालं. परवा तिचा फोन आला, "आई, आमच्या पुस्तिकेसाठी तुझ्या लहानपणावर दोन पानं लिहून दे ना. तुम्ही किती निसर्गाला धरून राहायचात." मी म्हटलं, धरून नाही गं बाई, अडकून. तर म्हणते, "तेच तर, आई." तेच तर काय, कपाळ माझं.

मला या बोलण्याचा राग येतो आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलं नाही. साधं राहणं आम्ही निवडलं नव्हतं. निवडायला ताटात दुसरं काही असावं लागतं. दुकानात लटकलेला प्रत्येक नवा कपडा मी डोळे भरून पाहिला आहे, आणि मिळाला असता तर एकूणएक अंगावर घातला असता. पण रेणूला दोन पानं हवी आहेत, तर लिहिते. तिच्या पुस्तिकेला ती पचणार नाहीत हे मला आत्ताच कळतं आहे.

आम्ही ढिवर. ब्रह्मपुरीहून एसटीनं तासभर, पुढे बांधाबांधानं पायी, असं आमचं गाव, आणि गावाला लागून तळं. बाबा तळ्यात मासे धरत आणि पावसाळ्यात जंगलात कोसा ठेवत. कोसा म्हणजे ते महागाचं भुरकं रेशीम ज्याच्या साड्या शहरातल्या बाया लग्नाला नेसतात. त्याचे किडे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडावर, उघड्यावर वाढतात. अंड्यातून निघाल्यापासून कोश बांधेपर्यंत महिना-सव्वा महिना माणसानं तिथंच खोपडी घालून राहायचं, गलोल घेऊन कावळे हाकलायचे, मुंग्या हाकलायच्या, एका झाडाची पानं संपली की फांदीसकट किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे. आमच्या घरात सात पिढ्या कोसा ठेवला असेल. कोशाची साडी मात्र एकीच्याही अंगाला लागली नाही. माय आयुष्यभर सुती लुगडं नेसली, कारण ते स्वस्त पडायचं आणि दंड घालून चालायचं.

हे काम करायचं म्हणजे पाळणूक करावी लागे, आणि पाळणूक म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. किडा सोवळा असतो, असं आमच्यात मानत. त्याला वास चालत नाही, विटाळ चालत नाही. म्हणून जंगलातला माणूस दाढी-डोई करायचा नाही, तेल लावायचा नाही, साबण लावायचा नाही, बाईला शिवायचा नाही. बाया त्या राईत पायच ठेवत नसत. माय भात आणि बिनफोडणीची, बिनहळदीची लाखोळीची डाळ टोपलीत घेऊन जायची आणि राईच्या अलीकडे एका खडकावर ठेवून हाक मारून परत फिरायची. ती दिसेनाशी झाली की बाबा येऊन टोपली न्यायचे. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं, पण पाळणूक घरालाही लागू होती. घरात साबण नाही, डोक्याला तेल नाही, नवं कापड नाही, आणि मासा नाही. ढिवराच्या घरात, ऐन पावसाळ्यात, तळं तुडुंब भरून मासे चढणीला लागलेले असताना, मासा नाही. शेजारून मोहरीच्या तेलात परतलेल्या माशाचा वास यायचा आणि आम्ही अळणी डाळ ओरपत बसायचो. लहानपणी मी एकदा मायला विचारलं होतं, "किडे तिकडं जंगलात, मासा इकडं चुलीवर, त्यायले कसं समजते वं?" माय म्हणाली, "तुले कसं समजते बाजूच्या घरी काय शिजून राह्यलं त?"

मी बारावीला गेले तेव्हा या सगळ्याचा मला पुरता वीट आला. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात रोज एसटीनं जायचे. माझ्याकडे दोन ड्रेस होते, दोन्ही मायच्या लुगड्याचे. एकाचा काठ पाठीवर आडवा यायचा, कारण कापड तेवढंच उरलं होतं. त्यात पाळणुकीचा महिना, म्हणजे राखेनं धुतलेले कपडे आणि बिनतेलाचे भुरभुरीत केस. माझ्या बाकावर वैशाली नावाची मुलगी बसायची. मनानं वाईट नव्हती, पण एक दिवस हळूच सरकून बसली आणि म्हणाली, "इंदू, रागावू नको, पण तुझ्या घरी नळ नाई का?" मी म्हटलं, तळं आहे. ती हसली नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच आठवड्यात मराठीच्या मॅडमनी पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी माझं नाव घेतलं. साऱ्या कॉलेजापुढे, माइकवर. मी घरी येताना एसटीत भाषणाचा विचार केलाच नाही, पाठीवरच्या काठाचाच करत होते.

धानाच्या रोवणीच्या मजुरीतले काही पैसे मायनं मला वह्यांसाठी दिले होते. त्यातून मी ब्रह्मपुरीच्या बाजारातून तयार सलवार-कमीज घेतला. हिरवा, चकाकता, त्यावर लालभडक ओढणी, आणि सोबत कपडे धुवायच्या पावडरची एक पुडी. भाषण होईपर्यंत कोसा उतरायचा नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं. पाळणुकीत नवं कापड घरात आणणं हे काय असतं, हेही माहीत होतं. मला खरं वाटत होतं का ते? अर्धंमुर्धं. कॉलेजात असताना वाटायचं नाही, गावाच्या बांधावर पाय ठेवला की वाटायला लागायचं. ड्रेस मी धानाच्या कोठीमागे लपवला आणि दोन दिवस त्या कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईबापाचा डोळा चुकवणं सोपं असतं. त्या एका खोलीच्या घरात आपला स्वतःचा चुकवणं मोठं कठीण.

वैशाली म्हणाली होती, नवा कपडा एकदा पाण्यातून काढ, नाहीतर अंगाला खाजतो. पंधरा ऑगस्टला चार दिवस असताना माय रोवणीला गेल्यावर मी परसात घमेल्यात ती पावडर कालवली. त्या फेसाचा वास अजून नाकात आहे. ड्रेस पिळून कोठीमागे टांगला, ओढणी हातात घेतली, तोच फाटकाची कडी वाजली. मायच्या पायात काटा मोडला होता, म्हणून ती लवकर परतली होती. घमेलं मी गटारात उपडं केलं. ओढणी कुठे घालू ते सुचेना. समोर बादली होती, तिच्यात राखेच्या पाण्यात बाबांचं धोतर भिजत घातलेलं. मी ओढणी धोतराखाली खुपसली आणि बादलीपुढे उभी राहिले. माय लंगडत येऊन ओट्यावर टेकली. मला सुई आणायला सांगितली, काटा काढायला लावला, मग शेजारून हळद मागून आण म्हणाली, मग चूल पेटव. तासभर तरी गेला. ती आत जाऊन कलंडली तेव्हा मी बादलीत हात घातला. धोतराचा एक पदर, हातभर तरी, गुलाबी झाला होता.

तीनदा खळबळलं, राख चोळली, दगडावर आपटलं. रंग हलला नाही. बाबांकडे धोतरं दोनच, एक अंगावर आणि एक धुण्यात, आणि पाऊस असा लागलेला की अंगावरचं दोन दिवस वाळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर टोपलीसोबत जायचंच होतं. मी त्याची घडी गुलाबी पदर आत राहील अशी घातली आणि मायच्या हातात दिली. तेव्हा सांगता आलं असतं. मायनं दोन धपाटे घातले असते, धोतर घरीच राहिलं असतं, बाबा ओल्या धोतरानं राहिले असते. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ड्रेस गेला असता, आणि मला तो पंधरा ऑगस्टला घालायचा होता. यात दुसरं कुठलंही कारण नव्हतं. या वयात मी ते सजवून सांगायला बसणार नाही.

भाषण चांगलं झालं म्हणे. तरुणांच्या कर्तव्यावर होतं, त्यातला शब्द आठवत नाही. टाळ्या पडल्या, वैशालीनं ओढणी नीट केली, मॅडम म्हणाल्या, रंग खुलतो तुला. कॉलेजातच कपडे बदलले, ड्रेस पिशवीत कोंबला आणि दुपारच्या एसटीनं गावी आले. येऊन पाहते तर आमच्या अंगणात माणसं बसलेली. मधे बाबा. महिनाभराची दाढी, डोळे लाल. ते जंगलातून आले याचा अर्थ एकच होता, हे मला फाटकातच कळलं. किडे गेले होते. त्या राईत तीन घरांचा कोसा होता, आमचा, नत्थूजींचा आणि त्यांच्या पुतण्याचा. तिन्ही घरांचे किडे दोन दिवसांत काळे पडून, डोकं खाली करून फांद्यांना लोंबत मेले. पुरायला खड्डे खणावे लागले होते. वर्षभराचं जे काही हातात यायचं ते त्या खड्ड्यात गेलं, आणि आमच्याबरोबर आणखी दोन घरांचं गेलं.

नत्थूजी तिघांत वडीलधारे, कोशातला शब्द त्यांचा चाले, बियाणं, म्हणजे किड्यांची अंडीही, तिघांसाठी तेच आणत. ते ओरडत नव्हते, सगळ्यांना एकच विचारत होते, पाळणूक कोणाच्या घरी मोडली. स्वतःच्या घरचं त्यांनी शपथेवर सांगितलं, पुतण्यानंही सांगितलं. मग मायला विचारलं, "बाई, तुमच्या घरी मासा शिजला?"

"नाई भाऊ. पोरीले मिरगापासून मासा दाखवला नाई मी."

"नवं कापड? साबन?"

"कुठून आणू?" माय म्हणाली, आणि ती खरंच बोलत होती.

नत्थूजींनी मग माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी छातीशी धरून फाटकात उभी. "पोट्टी रोज बाहेर जाते, सोमा," ते बाबांना म्हणाले. "बाहेरचं काय शिवते, काय आणते, आपल्याले काय मालूम. मी त तवाच सांगलं होतं, कोशाच्या घरची पोरगी कालेजात पाठवू नोको. आन वं ते थैलं इकडं, पाहू काय हाय त."

त्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ते बाहेर निघालं तर माझं कॉलेज तिथंच, त्याच दुपारी संपणार हेही ठाऊक होतं. तीन घरांच्या हंगामापुढे माझी बारावी कोणी मोजली नसती, बाबांनी मोजायची म्हटली तरी त्यांना मोजू दिली नसती. नत्थूजींनी हात पुढे केला.

"तिचं थैलं कायले पाह्यता, भाऊ," बाबा म्हणाले. "मीच मासा खाल्लो."

आमचे बाबा खोटं बोलत नसत. मासा अर्धा पाव कमी भरला तर गिऱ्हाइकाला आपणच सांगणारा माणूस. नत्थूजींनी विचारलं, "कवा?"

"पाच-सा दिस झाले. नाल्याले पूर आला, मरळ वर आली. डोळ्यापुढं तडफडून राह्यली होती. जीव राह्यला नाई."

"शिजवली कशात?"

"भाजली. मीठ नव्हतं."

त्या बिनमिठाच्या मरळीवर सगळ्यांचा विश्वास बसला. ढिवर माणूस महिनाभर माशावाचून जंगलात, आणि समोर मरळ. प्रत्येकाच्या मनात ती मरळ आपली आपण भाजून झाली असणार. नत्थूजी म्हणाले, "आमच्या पोटावर पाय देल्ला तू, सोमा. तुले पुढच्या साली बियानं नाई." बाबांनी मान हलवली. ते उठून उभे राहिले तेव्हा मला दिसलं, धोतराचा गुलाबी पदर त्यांनी कमरेला आत, खोल खोचून घेतला होता.

लोक गेल्यावर मायनं माझ्या हातातून पिशवी घेतली. तिनं मारलं नाही. ड्रेस बाहेर काढून झटकला, उलटासुलटा करून शिवण पाहिली, आणि म्हणाली, "आता घाल."

"मले नाई घालाचा."

"घालाचा नाई त काय कराचा? फेकाचा?"

तर मी तो घातला. बारावी संपेपर्यंत आणि पुढे बीएची तीन वर्षं घातला. तो कपडा कसला होता देव जाणे, फाटेचना. लुगड्याचे दोन्ही ड्रेस विरून गोधडीत गेले, चपला तीनदा बदलल्या, पण त्या हिरव्या ड्रेसचा टाकासुद्धा उसवला नाही. मी मुद्दाम काटेरी कुंपणाला घासून चालायचे. काही उपयोग झाला नाही. रेणूच्या त्या पुस्तिकेत म्हणे लिहिलं आहे की चांगला कपडा टिकाऊ असावा. टिकाऊपणाचं कौतुक माझ्यापुढे कोणी करू नये.

आणि धोतर. तेही कोण फेकणार? बाबांनी ते वापरलं, गुलाबी पदर खोचून. जीर्ण झाल्यावर मायनं त्याची गोधडी शिवली आणि तो गुलाबी तुकडा नेमका वर घेतला, म्हणाली, बाकीच्यापरीस हाच मजबूत राह्यला. सुट्टीत घरी गेले की रोज रात्री मी माझी चूक पांघरून झोपायचे. ज्या घरात काही फेकत नाहीत तिथं हेही फेकलं जात नाही, हे त्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

गावात बाबांचं नाव पडलं मरळ्या. आधी रागानं, मग थट्टेनं, मग नुसतंच नाव म्हणून. पोरंही म्हणायची, मरळ्याबाबा. बाबा ओ द्यायचे. पुढच्या साली तिघांपैकी दोघेच कोसा घेऊन गेले आणि बाबा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखलणीला गेले. त्यानंतरच्या साली बोलावणं आलं, तर म्हणाले, आता गुडघे दुखतात. आणि मरळ, जी त्यांना सगळ्या माशांत जास्त आवडायची, ती त्यांनी पुन्हा खाल्ली नाही. जाळ्यात आली तर विकायचे. लोक म्हणायचे, पस्तावला बिचारा.

मी शिक्षिका झाले तेव्हाची गोष्ट. शाळेत कोशाची माहिती द्यायला एक साहेब आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, किडे डोकं खाली करून काळे पडून मरतात ते कशानं? ते म्हणाले, रोग आहे तो, बहुतेक बियाण्यातूनच येतो, सततच्या पावसात वाढतो. मी म्हटलं, साबणाच्या वासानं? रंगानं? ते हसले आणि म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या ना? शनिवारची शाळा सुटल्याबरोबर मी गावी पोचले. बाबा ओट्यावर जाळं विणत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं: धोतरानं नाही, ओढणीनं नाही, बियाणंच रोगट होतं, आणि ते आणलं होतं नत्थूजींनी. त्या गुलाबी पदराबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदाच बोलत होतो.

बाबा गाठ मारत राहिले. म्हणाले, "मंग बरं झालं."

"काय बरं झालं? तुमचं नाव गेलं फुकटात. मी आता जाऊन सांगते साऱ्यायले."

"सांगू नोको. नत्थू मरून साल नाई झालं. बियानं त्यानं आणलं होतं हे त्याच्या पोराले काऊन सांगतं? मासा खाल्लो म्हनून कोनी मरत नाई."

माझी अशी चिडचिड झाली की मी चहा न पिताच परत निघाले. खोटं बोलायचं माझ्यासाठी, आणि खरं लपवायचं मेलेल्या माणसासाठी, आणि मधे जे आपलं नाव जातं त्याचं काय? पण त्यांनी नको म्हटलं, म्हणून मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर गप्प राहणं मला सोयीचंही होतं.

बाबा गेले तेव्हा तेरवीला साऱ्या गावानं जेवण केलं. नत्थूजींचा मुलगाच पहाटे तळ्यावर जाऊन एक चांगली हातभर मरळ घेऊन आला आणि मायला म्हणाला, "काकू, मरळ्याबाबाच्या पानावर हेच पायजे." सगळे हसले, काहींचे डोळे भरले. मायनं मरळ निखाऱ्यावर भाजली आणि मीठ न लावता माझ्याजवळ दिली. ती माझ्याकडे पाहत होती. मी ती बाबांच्या पानावर वाढली.

गेल्या दिवाळीत रेणू आली आणि पेटीतून ती गोधडी काढून तिनं उजेडात धरली. "आई, हा गुलाबी बघ ना, किती सुंदर उतरलाय. कशाचा रंग आहे हा? पळसाचा? आमच्याकडे असा जमतच नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून विचार करते आहे आणि आता माय नाही, नत्थूजींचा मुलगाही नाही. तर रेणू, तुझी दोन पानं झाली, आणि हे छापायचं असेल तर शेवटची ओळ गाळू नको, कारण गावातलं कोणी ना कोणी वाचेल. माझ्या बापानं त्या साली मासा खाल्ला नव्हता.